पोट फुगलं की चूक

हौसरावांनी दोन्ही पाय जुळवले, गुडघे ताठ केले आणि पाठीवर पडल्यापडल्या पाय जमिनीपासून हातभर वर उचलून धरले. तालमीची माती पाठीला गार लागत होती. पोट थरथरायला लागलं तरी त्यांनी पाय सोडले नाहीत. मग उजव्या जांघेत कुणी आतून बोट खुपसावं तशी कळ आली आणि पाय धप्पकन खाली पडले.

आखाड्याच्या कडेला उभा राहून त्यांचा पठ्ठा मल्हारी बघत होता.

"बघतोस काय," हौसराव म्हणाले. "जोर काढ."

"काढून झालं, वस्ताद."

"मग पुन्यांदा काढ."

मल्हारी निमूटपणे मातीत उतरला. हौसराव कुशीवर वळून उठले, कमरेला पंचा गुंडाळला आणि पंच्याआडून जांघ चाचपून पाहिली. टाके घातले होते त्याच्या वरच्या अंगाला कातडी हुळहुळत होती. गाठ हाताला लागत नव्हती. त्यांनी पुन्हा एकदा दाबून पाहिलं आणि आपल्याच अंगावर डोळे वटारावेत तसे ते मातीकडे बघत राहिले.

खुटबावच्या तालमीत ते एकोणीस वर्षं वस्ताद होते. नवा गडी दारातून आत आला की त्याच्या चालण्यावरूनच ते ठरवायचे, याला बैठका द्यायच्या की जोर, याचं काय कच्चं आहे आणि काय फुकट सुटलंय. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्यांच्याच पोटात मात्र अंतर्गळ म्हणजे हर्निया झाला आणि मार्गशीर्षात दौंडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. सहा महिने ओझं उचलायचं नाही, कुस्ती खेळायची नाही, पोटाला ताकद आली तर पुढचं पुढं बघू, असं डॉक्टर म्हणाले. हौसरावांनी त्यातले 'पोटाला ताकद' एवढेच शब्द उचलले. चैत्रात शिरूरच्या फडात मल्हारीची कुस्ती ठरलेली होती. त्याआधी महिनाभर तरी त्याच्याशी अंगाला अंग लावून लढायला हवं होतं. म्हणून त्यांनी स्वतःला सगळ्यांत अवघड व्यायाम दिला. अवघड तोच चांगला, असं ते तालमीत सगळ्यांना सांगत आले होते.

घरी त्यांच्या बायकोनं, पुतळाबाईंनी, त्यांना अंगणातून ओसरीपर्यंत चालताना पाहिलं.

"केडगावच्या नर्सबाईला दाखवून येऊ," त्या म्हणाल्या.

"काय झालंय मला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाईंनी फडक्यात भाकरी बांधल्या, आणि हौसराव कुरकुरत का होईना गाडीत बसले.

दबोराबाई एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं नर्स होत्या. नोकरी संपल्यावर त्यांनी केडगाव स्टेशनाजवळ दोन खोल्यांचा छोटा दवाखाना मांडला होता. हौसरावांच्या टाक्यांची मलमपट्टी तिथंच झाली होती. पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट आणि बोलणं सरळ.

"दोन्ही पाय उचलायला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी कशाला सांगाय पायजे. मी वस्ताद हाय."

"असाल. पण हे टाके माझ्या ओळखीचे आहेत. खोका."

हौसराव खोकले. दबोराबाईंनी दोन बोटं जांघेवर दाबून धरली, पुन्हा खोकायला लावलं, आणि हात काढला.

"टाके अजून धरून आहेत. आणखी आठ दिवस असंच केलं असतं तर परत टेबलावर गेला असता. ताठ पाय उचलले की त्यांचं सगळं वजन पोटावर येतं. पोटाला ते पेललं नाही तर आतलं सगळं खाली ढकललं जातं. तुमची भिंत नेमकी तिथंच कच्ची आहे."

"मग ती पक्की कशी व्हायची? बसून?"

"निजून," दबोराबाई म्हणाल्या.

त्यांनी सतरंजीवर हौसरावांना उताणं निजवलं आणि गुडघे दुमडायला लावले. तळपाय जमिनीवर टेकलेले. श्वास सोडायचा, सोडताना बेंबी पाठीकडे ओढायची, पाच आकडे होईपर्यंत धरायची आणि सैल सोडायची. ते जमलं की एक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करायचा आणि तसाच परत आणायचा. आणि शेवटी फक्त मान उचलायची. खांदे जमिनीलाच.

"एवढंच?"

"एवढंच. दिवसातून तीन वेळा, दहा-दहा."

खोलीच्या मधोमध अर्धा पडदा होता. त्याच्या पलीकडून एका बाईचा हळू आवाज येत होता. एक, दोन, तीन, चार, पाच. मग लांब श्वास. मग पुन्हा एक.

"तिकडं काय चाललंय?" हौसरावांनी विचारलं.

"बाळंतीण आहे. तिचंही हेच चाललंय."

हौसराव उठून बसले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला बाळंतिणीचा व्यायाम देता व्हय?"

"पोटाचे स्नायू तेच असतात, हौसराव. बायकांना निराळे दिलेले नाहीत." दबोराबाईंचा आवाज चढला नाही. "आणि एक. मान उचलताना घरातल्या कुणाला तरी पोटावर हात ठेवायला सांगा. पोट आत गेलं पाहिजे. हाताखाली फुगलं की चूक. फुगलं की तिथंच थांबायचं." मग त्या दाराशी बसलेल्या पुतळाबाईंकडे वळल्या. "तुम्ही ठेवाल ना हात?"

पुतळाबाईंनी मान हलवली आणि त्या उठायला लागल्या. आधी एका कुशीवर झुकल्या, एक हात जमिनीवर टेकला, दुसरा पोटाखाली धरला, आणि मग उभ्या राहिल्या. दबोराबाई ते सगळं बघत होत्या.

"कितवा महिना, बाई?"

"न्हाई. तसं काय न्हाई."

"धाकटं केवढं आहे?"

"नऊ वर्सांचं."

दबोराबाईंनी आतल्या खोलीचं दार उघडलं. "जरा आत या. दोन मिनिटं लागतील."

"तिला काय झालंय?" हौसराव बंडीची बटणं लावत म्हणाले. "दाखवाया मी आलोय. चल गं, गाडी जाईल."

ते बाहेर पडले. पुतळाबाई त्यांच्या मागून निघाल्या.

चार दिवस हौसरावांनी काही केलं नाही. पाचव्या दिवशी शिंक आली तेव्हा जांघेतून अशी कळ गेली की त्यांना खांब धरावा लागला. त्या दुपारी त्यांनी मधल्या खोलीत घोंगडी अंथरली आणि दार लावून घेतलं.

पुतळाबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी हात ठेवला. हौसरावांनी मान उचलली.

"फुगलं."

"न्हाई फुगलं."

"माझा हात वर गेला."

"तुझा हातच वाकडा हाय."

पुतळाबाईंनी हात काढला नाही. हौसरावांनी पुन्हा मान उचलली.

"फुगलं."

ज्या अंगावर दोन-दोन गडी उभे राहिले होते, त्याला मान उचलण्याएवढं काम जमत नव्हतं. हौसरावांनी डोक्याखालची उशी ओढून भिंतीवर फेकली. बाहेर ओसरीवर त्यांची आई, कस्तुराबाई, जोंधळे पाखडत बसल्या होत्या. सुपाचा आवाज थांबला.

"भरदिवसा दार लावून काय चाललंय रं तुमचं?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," हौसराव ओरडले.

असे सहा आठवडे गेले. रोज तीन वेळा दार लागायचं आणि रोज हौसरावांचं डोकं तापायचं. पुतळाबाई 'चूक' म्हणत नसत. 'असं करा', 'तसं करा' असंही सांगत नसत. त्या हात ठेवून बसत आणि पोट उचललं गेलं की तेवढा एकच शब्द उच्चारत. हौसरावांनी एकदोनदा त्यांना फसवायचं म्हणून श्वास कोंडून पाहिला, तर तेही त्या हाताला कळलं. तालमीत त्यांच्या शब्दावर कुणी शब्द काढत नसे. इथं एका बाईचा तळवा त्यांना अडवत होता.

हळूहळू पोट आत जायला लागलं. फाल्गुन सरता सरता दहाच्या दहा वेळा मान उचलली तरी पुतळाबाई गप्प राहिल्या. शिंकताना खांब धरावा लागेनासा झाला. हौसरावांना त्याचाही राग आला. बाळंतिणीच्या व्यायामानं गुण यावा, हेच त्यांना पटत नव्हतं.

मल्हारीशी लढणं मात्र झालं नाही. अजून सहा महिने व्हायचे होते. हौसराव आखाड्याच्या काठावरून ओरडून डाव सांगत राहिले, आणि चैत्रात त्याला घेऊन शिरूरला गेले. अकराव्या मिनिटाला मल्हारीची पाठ मातीला लागली आणि कुस्ती गेली.

"तिढा पडला तवा पोट सैल का सोडलंस?" हौसरावांनी त्याला तिथंच, सगळ्यांसमोर विचारलं.

मल्हारी तोंडावरची माती पुसत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मल्हारीला मागं सोडून हौसराव एकटेच सकाळच्या एस.टी.त बसले. चौफुल्याला उतरले आणि उन्हातून तरातरा चालत दुपारी घरी पोचले. ते संध्याकाळपर्यंत येतील असं घरात कुणाला वाटलं नव्हतं. ओसरी रिकामी होती. मधल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ते ढकललं.

पुतळाबाई घोंगडीवर उताण्या निजल्या होत्या. गुडघे दुमडलेले, पदर बाजूला, लुगड्याची गाठ सैल केलेली. दोन्ही हात पोटावर आडवे टाकून त्यांनी बरगड्यांच्या खालचं अंग दोन्हीकडून आत आवळून धरलं होतं. डोळे मिटलेले होते. त्यांनी मान उचलली, आणि बरगड्यांच्या खालपासून बेंबीच्या खालपर्यंत पोटाच्या मधोमध एक वरंबा उभा राहिला. वीतभर लांब आणि मुठीएवढा रुंद. पुतळाबाईंनी हात आणखी आवळले, तसा तो थोडा बसला.

हौसरावांनी आयुष्यभर उघडी अंगं पाहिली होती. असं पोट त्यांनी पाहिलं नव्हतं.

पुतळाबाईंनी डोळे उघडले आणि मान खाली टेकवली. पदर ओढून घ्यायची त्यांनी घाई केली नाही.

"काय हाय हे?"

"पोट."

"कवापासनं?"

"संपतच्या येळंपासनं."

संपत त्यांचा धाकटा मुलगा. सहावा. हौसरावांच्या खांद्यावरची पिशवी घसरून खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही.

"नऊ वर्सं," ते म्हणाले. "नऊ वर्सं मला सांगितलं न्हाईस?"

पुतळाबाई कुशीवर वळल्या, हात टेकून उठून बसल्या आणि लुगडं नीट करायला लागल्या. त्यांनी गाठ मारली. बोलल्या तेव्हा आवाज खालचाच होता, पण हौसरावांनी तो कधी ऐकलेला नव्हता.

"सांगितलं व्हतं. संपत दोन महिन्यांचा व्हता. तुमी दौंडच्या फडाला निघाला व्हता, उंबऱ्यात बसून जोडा घालत व्हता. मी म्हणलं, पोट मधनं उघडल्यावानी वाटतंय, वाकलं की भ्या वाटतं. तुमी म्हणला, सुटलं आसंल. दोन घागरी जास्त आण, बसंल."

हौसरावांनी आठवून पाहिलं. त्या वर्षीचा दौंडचा फड त्यांना आठवत होता. कोण पडलं, कुठल्या डावावर पडलं, तेही आठवत होतं. उंबऱ्यातलं बोलणं आठवत नव्हतं. पण ते आपलंच बोलणं होतं, याबद्दल त्यांना शंका आली नाही. तालमीतल्या कुठल्याही गड्याला त्यांनी तसंच सांगितलं असतं.

"मी आणल्या," पुतळाबाई म्हणाल्या. "दोन घागरी जास्त. वर्सभर आणल्या."

हौसरावांनी पडलेली पिशवी उचलून भिंतीला टेकवली.

"नर्सबाईला ठावं हाय हे?"

"व्हय. केडगावच्या बाजाराला गेले तवा तिनं तपासलं. म्हणली, आतडं भाईर आलेलं न्हाई. दोन अंगाचे पट्टे एकमेकांपासनं लांब गेल्यात. हात असे आवळून नुसती मान उचलायची. जवळ येतील, पर पुरतं मिटायचं न्हाई, लई उशीर झालाय. आन् घागर उचलायची न्हाई म्हणली."

हौसरावांनी सैपाकघराच्या दाराकडे पाहिलं. चौरंगावर दोन घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या. त्यांना काहीतरी फोडावंसं वाटलं. ते अंगणात गेले आणि उन्हात नुसतेच उभे राहिले. ज्याला धरून आपटावं असं माणूस समोर दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुतळाबाईंनी घोंगडी अंथरली तेव्हा हौसराव आत येऊन शेजारी बसले.

"हात खाली घे जरा. आणखी. आता श्वास सोड. आधी सोड, मग मान. आधी म्हणलं ना मी. मान वाकडी करू नगंस. दहा काय करतीस, पंधरा कर. थांब, पुन्यांदा. फुगलं. आता पुन्हा फुगलं. ध्यान कुठं हाय तुझं?"

तिसऱ्या दिवशीही तेच. आवाज तालमीतला होता आणि तो शेजारच्या दोन घरांत जात होता. हौसरावांना वाटत होतं, नऊ वर्षांची भरपाई महिन्याभरात करून घ्यायची. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "नुसत्या मानेनं काय व्हायचं न्हाई तुझं. आजपासनं थोडे खांदेबी उचल. मी धरतो."

पुतळाबाई उठून बसल्या.

"भाईर जावा."

"अगं, मी तुझ्याच भल्याचं—"

"दोन महिने तुमच्या पोटावर हात ठिवला मी. कवा काय शिकिवलं तुमाला? एक शब्द बोलत व्हते. तुमी उशी फेकली, मला वाकडं बोलला, तरी एकच शब्द बोलत व्हते." त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "आन् तुमी माझ्या पोटावर तालीम भरिवली. नर्सबाईनं नुसती मान सांगितलीय, त्ये मी तुमाला सांगितलंबी, पर तुमी ऐकलंच न्हाई. पुन्यांदा आपलंच ठरिवलंत."

"मी वस्ताद हाय, पुतळा. मला कळतं अंगातलं."

"तालमीत. हितं न्हाई."

हौसराव उभे राहिले. पुतळाबाई दार धरून उभ्या होत्या. ते बाहेर पडताच मागे कडी लागली.

ओसरीच्या पायरीवर ते बसले. लाथ घातली असती तर ते जुनं दार एका लाथेत निघालं असतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून धरले. आतून काही ऐकू येत नव्हतं.

थोड्या वेळानं कस्तुराबाई रिकामी घागर काखेला लावून आल्या.

"पुतळा कुठं हाय? आडावर गर्दी व्हईल मागनं."

"ती येणार न्हाई."

"का?"

"व्यायाम करतीय."

"काय करतीय?"

"व्यायाम. पोटाचा."

गल्लीतून शेजारच्या मालनबाई पाण्याला चालल्या होत्या. त्या थबकल्या. कस्तुराबाईंनी एकदा तिकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"हळू बोल की, बाबा. बाईमाणसाचं असं कुणी वरडून सांगतं का?"

"त्यात हळू काय बोलायचं?" हौसराव म्हणाले. त्यांनी आवाज तसूभरही कमी केला नाही. "सहा लेकरं झाल्यात तिला. पोट फाकलंय मधनं. इथनं फुडं घागर उचलायची न्हाई तिनं. पाणी मल्हारी आणंल."

"पैलवान पाणी भरंल?"

"भरंल. न्हाई भरलं तर तालमीचं दार त्याला बंद."

मालनबाई पुढे निघाल्या, पण कोपऱ्यावर जाऊन पुन्हा थांबल्या. कस्तुराबाईंनी घागर खाली ठेवली. त्या पायरीवर लेकाशेजारी बसल्या आणि बंद दाराकडे बघत राहिल्या. त्यांची सत्तरी उलटली होती. आठ बाळंतपणं झाली होती, त्यांतली पाच जगली होती. बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"हौसा."

"काय?"

"पोट मधनं फाकतं म्हंजी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "उठताना मधी असं उभं राहतं, त्येच का?"

हौसरावांनी मान वळवून आईकडे पाहिलं.

"मान किती उचलायची आसती रं?" कस्तुराबाईंनी विचारलं. "म्हातारीला चालतं का ते?"

हौसरावांनी बोलण्यासाठी श्वास घेतला. मग तो सोडला.

"मला ठावं न्हाई," ते म्हणाले. "आत इचार."

कस्तुराबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. दारापाशी जाऊन त्यांनी बोटाच्या पेरानं दोनदा टकटक केलं आणि सुनेच्या नावानं हाक मारली. आत कडी निघाली. दार वीतभर उघडलं. कस्तुराबाई काहीतरी पुटपुटल्या, ते बाहेर ऐकू आलं नाही. मग दार आणखी थोडं उघडलं, त्या आत गेल्या, आणि कडी पुन्हा लागली.